पूर्वेकडची भिंत

फाल्गुन लागला की माझे हात दुखायला लागतात. खांद्यापासून मनगटापर्यंत, उजवा जरा जास्तच. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वय झालंच आहे, पण हे दुखणं वयाचं नाही, झाडूचं आहे. एका फाल्गुनात मी एक अंगण इतकं झाडलं, इतकं झाडलं, की पुढे आयुष्यात दुसरं काही करताना तेवढी दमले नाही. आणि माझा धंदा झाडण्याचा नाही हो. मी घरांचे नकाशे काढते.

गेल्या बुधवारी अलकापुरीतल्या ऑफिसची खिडकी उघडली, तर खाली वॉचमन लिमड्याची पिवळी पानं झाडत होता. कडुनिंबाला आम्ही बडोद्याची माणसं लिमडाच म्हणतो, त्याला इलाज नाही. त्याने एक ढीग करावा, मागे वळावं, तर झाडलेल्या जागी पुन्हा तेवढीच पानं. मी वरून म्हटलं, "रहेवा दो ने भाई, काले करजो." राहू दे, उद्या कर. तो हसला आणि झाडतच राहिला.

मी खिडकी लावून घेतली. टेबलावर एक किल्ली पडली होती. संखेड्याच्या पलीकडे, ओरसंग नदीच्या काठाला आमचं घर आहे, त्याची. वडिलांसाठी मी ते बांधलं. माझ्या हातचं पहिलं घर. आता वडील नाहीत, आई नाही आणि माझे गुडघे दर महिन्याला तिथवर जायला राजी नाहीत. कौलं शाकारा, वाळवी बघा, मोटर दुरुस्त करा. कंटाळले मी. म्हणून विकायचं ठरवलं. घेणारे दोघंही डॉक्टर, नवरा-बायको, तरुण, सभ्य, झाडांची आवड असलेले. रविवारी किल्ली घ्यायला तिथेच यायचे होते. फोनवर एकच गोष्ट म्हणाले, "मॅडम, ती पूर्वेकडची भिंत मधेच तुटलीय ना, ती आम्ही पुरी करून घेऊ. सेफ्टीसाठी." मी म्हटलं, "घ्या." भांडायचं त्राण नव्हतं अंगात. फोन ठेवला आणि तेव्हापासून हात दुखतोय.

जमीन मूळची आजोबांची. संस्थानच्या काळात ते त्या भागात वहिवटदार होते, म्हणजे तालुक्याचे साहेब. घोड्यावरून फिरायचे म्हणे. बाकी सगळं गेलं, हा एक तुकडा कसा कोण जाणे राहिला. नदीकडे हळूहळू उतरत जाणारी जमीन, एका कडेला कोतर, म्हणजे पावसाच्या पाण्याने कापलेली खोल घळ. आणि मधोमध एक महुडा. पुण्या-नागपूरचे लोक त्याला मोह म्हणतात. आमचा तो महुडाच. मी आणि आई दोघींनी हात धरले तरी त्याच्या बुंध्याला वेढा पुरायचा नाही.

माझे वडील, अण्णा, एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. सारा जन्म पाइपांच्या रेघा ओढण्यात गेला. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले, आणि अण्णांच्या वयाच्या माणसांना हार-तुरे घालून, गोड बोलून, वेळेआधी घरी पाठवलं. गोरव्याच्या आमच्या घराच्या गॅलरीत ते दिवसभर उभे असायचे. समोर कसल्याशा शेडचे पत्रे. आई म्हणायची, "अहो, बसा तरी." ते म्हणायचे, "कशाला?" असे सहा महिने काढले आणि एके दिवशी जेवताना म्हणाले, "बेबी, त्या महुड्यापाशी एक घर काढ. मला नि तुझ्या आईला. पण झाड आधी. घर मागून."

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. साऱ्या बडोद्यात जुने बंगले पाडून काळ्या काचांची कॉम्प्लेक्स उभी राहत होती, आणि माझे विद्यार्थी तसलीच चित्रं काढून आणायचे. मला वाटलं, एक तरी घर असं करून दाखवावं, की जमिनीला कळायलाही नको आपल्यावर काही बांधलंय. तिशीतलं माणूस असं काही बोलतं.

अण्णांचा एक नियम होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत तो त्यांच्या हाडीमाशी मुरला होता. "जे कागदावर नाही, ते जागेवर नाही." पाइप असो नाहीतर नट असो, कागदावर नसेल तर तो नाहीच. मग आम्ही बाप-लेकीने ती जमीन कागदावर घ्यायला सुरुवात केली. वैशाखात दर तासाला महुड्याची सावली जिथे पडेल तिथे चुन्याची रेघ ओढली. सकाळी नऊपासून सहापर्यंत. अण्णा छत्री धरून उभे, मी वाकून चुना सोडतेय, थर्मासातला चहा संपलेला. संध्याकाळी जमिनीवर एक मोठी पांढरी रांगोळी तयार. श्रावणात पाणी कुठून उतरतं ते पाहिलं. मार्गशीर्षात ऊन किती आत शिरतं ते. काठीला माझ्या ओढणीची चिंधी बांधून वारा पाहिला. येता-जाता बसमध्ये अण्णा डोळे मिटून बसायचे आणि मधेच म्हणायचे, "पश्चिमेची पडवी आणखी दीड फूट खाली घे." त्यांच्या तोंडचं ते 'कशाला' गेलं होतं. खोटं कशाला बोलू, अण्णांबरोबरचे माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

एक फाल्गुन-चैत्र तेवढा बघायचा राहिला. कॉलेजात परीक्षा, मुलांचे नकाशे तपासायचे, अण्णांना एकट्याने जायला आईने बंदी केलेली. वर्षातले दीड महिने. त्यात काय एवढं, असं वाटलं.

घर मात्र छान झालं. अजूनही म्हणते, छान झालं. उतार सपाट केला नाही, खोल्याच तीन पायऱ्यांनी खाली उतरवल्या. एक मूळ जोत्याच्या आड येत होतं, तर जोतंच बाजूला घेतलं. महुड्याच्या तीन बाजूंनी पडवी आणि खोल्या, आणि चौथ्या बाजूला, पूर्वेला, छातीएवढी भिंत. ती भिंत माझी लाडकी. सरळ नव्हती ती; झाडाच्या मुळांना सांभाळत, नदीच्या काठासारखी वळण घेत गेलेली. सकाळी तिच्यावर फांद्यांची सावली पडायची. भिंतीत एक लहान लाकडी दार, आत अंगणभर कोटा लादी. मांडवीच्या बाजारातून पितळी कड्या आणल्या आणि संखेड्याचा लाखेचा हिंचका, म्हणजे झोपाळा, पडवीच्या टोकाला टांगला. अण्णांनी मूळ ट्रेसिंगवर, म्हणजे नकाशाच्या पारदर्शक कागदावर, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एकेक नाव लिहिलं. स्वयंपाकघर. देवघर. पडवी. महुड्याच्या गोलाभोवती काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मोकळी जागा."

बांधकाम चालू असताना एक बाई आली होती. आदिवासी, पन्नाशीची, सडसडीत, कमरेला कोयता. तिचं नाव झीणीबेन हे मला पुढे कळलं. भिंतीचं चर खणणं चाललं होतं. तिने ते पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बेन, दरवाजो क्यां मूकशो?" दार कुठे ठेवणार? मला बाई कौतुक वाटलं, गावातल्या बाईला घराची एवढी उत्सुकता! मी तिला अगदी शिकवल्यासारखं सांगितलं, की मुख्य दार पश्चिमेला, रस्त्याकडे, कारण वारा, कारण ऊन, कारण अमुक. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सारुं." म्हणजे, बरं. आणि गेली. आमचा कडिया, म्हणजे गवंडी, मोहनभाई काहीतरी बोलणार होता. मी त्याला वळणाचा दोरा नीट धरायला सांगितलं.

माघात वास्तुशांत झाली. आई-अण्णा राहायला गेले. मी शनिवार-रविवार जायची. आणि मग फाल्गुन आला.

महुडा पानं टाकायला लागला. मोठी, चामड्यासारखी, वाळली की खुळखुळ वाजणारी पानं. दोन शनिवार मी लादीवरून ती झाडली. तिसऱ्या रविवारी सकाळी आईची किंकाळी ऐकून बाहेर आले, तर अंगणात धूर. झीणीबेन आणि तिची सून रमीला पूर्वेच्या दारातून आत आल्या होत्या. पानांचा ढीग करून त्यांनी पेटवला होता, आणि झीणीबेन काठीने आग ढकलत, बुंध्यापासून दूर ठेवत, शांतपणे झाडाभोवती फिरत होती. वर पडवीचे नवे वासे. अण्णा बादली घेऊन धावले. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला, "घर सळगाववुं छे तारे? कोणे कह्युं अंदर आववानुं?" घर पेटवायचंय का तुला, कोणी सांगितलं आत यायला?

"साहेब, जमीन चोख्खी करुं छुं," ती म्हणाली. आणखीही काहीतरी सांगत होती, की फुलं पडायच्या आधी दरवर्षी करावं लागतं. पण बादलीतलं पाणी ढिगावर पडलं, काळी राख लादीवर पसरली, आणि अण्णांनी दाराकडे बोट दाखवलं. तिने झाडू उचलला. सुनेने टोपली उचलली. गेल्या. अण्णांनी त्याच दुपारी दाराला कुलूप घातलं.

मी काय केलं? मी राख धुतली. आणि मनातून मीही रागावलेच होते. माझ्या भिंतीवर काजळीचा डाग पडला होता.

मग फुलं पडू लागली. पहाटेपासून टप टप टप. द्राक्षाएवढी, पिवळट, मांसल, रसाने भरलेली. पहिल्या दिवशी आईने ताटलीत घेऊन देवापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी फोन केला, "बेबी, अगं काय सडा पडलाय!" पाचव्या दिवशी फोन आला तो आईचा. "घरात बसवत नाही गं. वास डोक्यात जातोय." शनिवारी पोचले आणि कपाळालाच हात लावला. लादीवर फुलांचा लगदा. माश्या, गांधीलमाश्या, मुंग्या. उन्हाने तापलेल्या दगडावर ती आंबत होती आणि तिन्ही बाजूंच्या खोल्यांत, अगदी मी मुद्दाम योजून ठेवलेल्या वाऱ्याबरोबर, तो जड, गोड वास शिरत होता. कपड्यांना, उशांना, आमटीलाही. आई म्हणाली, "एवढी दारूबंदी या राज्यात, आणि आपल्या अंगणात दारूच्या फुलांचा चिखल. कोणी आलं तर काय सांगू?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मी झाडायला घेतलं. हेच ते झाडणं. पदर खोचून सकाळी सहाला सुरू केलं. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत आले की पश्चिमेला पुन्हा सडा. फुलं झाडूला चिकटतात, लादीला चिकटतात, पायाला चिकटतात. फावड्याने खरवडली, बादल्या भरभरून कोतरात टाकल्या. दुपारी भरून आलेल्या दंडांनी वरणभात कालवता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोमवारी बडोद्याला वर्गात खडू धरता आला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बस, पुन्हा झाडू. महिनाभर हे चालणार, असं मोहनभाई म्हणाला होता. मला झाडाचा राग येऊ लागला. ज्याच्यासाठी मी वर्षभर चुना ओढला, त्या झाडाचा.

आणि अण्णा घसरले. फुलांच्या लगद्यावरून पाय सरकला, कोपर मुरगळलं, चष्मा फुटला. हाड वाचलं, पण मन मोडलं. मी गेले तेव्हा ते हिंचक्यावर बसून डाव्या हाताने काहीतरी लिहीत होते. उजवा गळ्यात बांधलेला, तरी अक्षर सरळ. झाड तोडायच्या परवानगीचा सरकारी अर्ज होता तो.

"अण्णा, झाड?"

"झाड," ते म्हणाले. "तुझी आई आजारी पडतेय. मी आज पडलो, उद्या ती पडेल. मंगळवारी मामलतदार कचेरीत देऊन येतो."

"पण घरच झाडासाठी काढलंय!"

"म्हणूनच म्हणतो. आपली चूक झाली." मग गोरव्याच्या गॅलरीतल्यासारखं समोर कुठेतरी बघत म्हणाले, "आता इथे तरी कशाला राहायचं, ते मला समजेनासं झालंय."

ते 'कशाला' परत आलं होतं. झाड गेलं असतं तर घर उभं राहिलं असतं, कौलांचं, तीन पायऱ्यांचं, वळणदार भिंतीचं. पण मग त्या घरात अण्णा राहिले नसते. कुठेही राहिले असते, तरी राहिले नसते.

रविवारी सकाळी मी झाडू टाकला आणि कोतर ओलांडून पूर्वेकडच्या फळियात, म्हणजे त्यांच्या वाडीत गेले. झीणीबेन ओट्यावर डाळ पाखडत होती. "आवो बेन, बेसो," म्हणाली. पाणी दिलं. मी सांगितलं, फुलांनी नाकी नऊ आणलेत, वडील पडले, झाड तोडायला निघालेत. तिचं सूप थांबलं.

"ए महुडो तो अमारो छे," ती म्हणाली. भांडणाचा सूर नव्हता. आज रविवार आहे, असं सांगावं तसं.

मग तिने तिच्या बोलीत सांगितलं ते असं. जमीन तुमची, त्यात आमचं काही नाही. पण या भागात प्रत्येक महुड्याचं एक घर ठरलेलं असतं, आणि फूल त्या घराचं. माझ्या सासूच्या सासूपासून हा आमच्याकडे. आम्ही खालची पानं जाळतो, फुलं पडली की दिवस वर यायच्या आत वेचतो, वाळवून ठेवतो. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की तीच भाकरीबरोबर. यंदा कणगीत काय घालू ते मला ठाऊक नाही. तुमचे आजोबा घोड्यावरून यायचे ना, फुलांच्या दिवसांत सासूला विचारून मग सावलीत बसायचे.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्या घरात आजोबांच्या घोड्याच्या गोष्टी होत्या, हे एवढं कोणी सांगितलं नव्हतं.

"मग मला सांगायचं नाही का, झीणीबेन? मी वर्षभर येत होते."

"मी विचारलं की. दरवाजा कुठे ठेवणार म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पश्चिमेला. आम्ही तर पूर्वेला राहतो."

सावली मोजली, पाणी मोजलं, वारा मोजला. झाडाखाली उजाडता कोण येतं, हे विचारावंसं मला वाटलं नाही. आणि जिने मला विचारलं, तिला मी वाऱ्यावर व्याख्यान दिलं. माझा धंदा विचारण्याचा हो. घर काढायला बसलेल्याचं पहिलं काम ते.

"आता या," मी म्हटलं. "कुलूप काढते."

तिने मान हलवली. "त्या दारातून साहेबांनी आम्हाला बाहेर काढलं. आणि आज कुलूप काढाल, उद्या घालाल. पश्चिमेच्या दारानेही येणार नाही. दुसऱ्याच्या घरातून, अंथरुणांमधून, टोपली घेऊन कोण जातं? आमची वाट होती, ती असली तर येऊ."

परत आले. अण्णांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. दाराचं, सासूच्या सासूचं, आजोबांचं, भाकरीचं. मला वाटलं ते चिडतील, कायदा काढतील. ते ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, "येते कुठून ती?" मी हात करून दाखवलं. कोतराच्या कडेने, त्या पळसापासून, सरळ झाडाकडे.

"मूळ ट्रेसिंग आण."

सोमवारी मी कॉलेजला दांडी मारली. मोहनभाई घण घेऊन सकाळीच आला. अण्णा म्हणाले, "थांब जरा. आधी कागदावरची काढू दे." पडवीत पाट घेऊन ते खाली बसले. ट्रेसिंगवरची शाई खोडरबराने जात नाही, ती ब्लेडने खरवडावी लागते, कागद न फाटू देता. गळ्यातली झोळी काढून, दुखऱ्या हातात अर्धं ब्लेड धरून त्यांनी माझी भिंत खरवडायला घेतली. सहा फूट भिंत, म्हणजे कागदावर दीड इंचभर रेघ. त्याला त्यांना अर्धा तास लागला. कपाळावर घाम आला. मोहनभाई घणावर हनुवटी टेकून बघत होता. खरवडलेली जागा अण्णांनी नखाने घासून गुळगुळीत केली, कडेने दोन तुटक रेघांनी वाट आखली. मग 'मोकळी जागा' हे शब्द खरवडले, पेन झटकलं, त्याचं टोक अर्जाच्या कागदाला पुसलं, आणि त्या जागी लिहिलं, 'झीणीबेनचा महुडा'. त्यांच्या हातचं मी पाहिलेलं ते एकच वाकडं अक्षर.

"आता तोड," ते मोहनभाईला म्हणाले.

माझी लाडकी भिंत तुटताना मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं बोलणार नाही. पण रडायलाही अंगात जोर नव्हता. पुढच्या दोन दिवसांत लादीही उखडली आणि माती चोपून शेणाने सारवून घेतली, कारण फूल मातीवर पडलं तर त्याचा लगदा होत नाही, वेचता येतं. पानं पुढल्या वर्षापासून बाहेर ओढून कोतरात जाळायची, एवढं मी झीणीबेनला विचारून ठरवलं.

गुरुवारी उजाडता उजाडता ती आली. मागे रमीला. दोघी भिंतीच्या त्या खिंडारातून आत आल्या आणि वाकल्या. आई दारात पदर तोंडाला धरून उभी. अण्णा हिंचक्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले. नवा चष्मा अजून यायचा होता, त्यामुळे वाचत नव्हते हे नक्की. वेचत वेचत झीणीबेन हिंचक्यापर्यंत आली. तिथेही फुलं पडली होती, अण्णांच्या पायांच्या आसपास. ती थांबली. अण्णांनी वर्तमानपत्र तसंच धरलं आणि दोन्ही पाय वर घेतले. तिने खालची फुलं वेचली. मग त्यांनी पाय खाली ठेवले.

तासाभरात अंगण रिकामं. वास नाही, माशी नाही. मी तीन आठवडे जे झाडत होते, ते दोन बायकांनी टोपलीत घालून नेलं.

अण्णा त्या घरात अकरा फाल्गुन राहिले. 'कशाला' पुन्हा ऐकलं नाही. पुढेपुढे ते फुलांच्या दिवसांत पहाटे उठून, कोणी हिंचका हलवू नये म्हणून स्वतःच त्यावर बसून राहायचे, आणि ठरलेल्या वेळी पाय वर घ्यायचे. झीणीबेन गेली त्यांच्यानंतर चार वर्षांनी. आता रमीला येते. तिचेही केस पांढरे झाले.

रविवारी मी अंधार सरायच्या बेतात तिथे पोचले. डॉक्टर दहाला यायचे होते. पडवीत दोन कौलं सरकून पावसाच्या पाण्याचा ओघळ आला होता, देवघराच्या चौकटीला वाळवी. मी कुलूप उघडलं, किल्ली मांडीवर घेतली आणि हिंचक्यावर बसले. कड्या कुरकुरल्या. टप, टप. शेवटचं एकदा बसून घ्यावं, आणि सुटावं, एवढंच मनात होतं. खरंच तेवढंच.

रमीला खिंडारातून आली. पानं तिने आधीच ओढून नेली होती. माती स्वच्छ होती. मला बघून हसली, "क्यारे आव्यां?", कधी आलात, म्हणाली आणि वाकली. वेचत वेचत माझ्यापर्यंत आली. "पग ऊंचा लो ने, बेन."

मी पाय वर घेतले. गुडघ्यांतून कळ गेली.

तिने खालून, मान वर न करता, फुलं ओंजळीत घेता घेता विचारलं, "बेन, नवो धणी दरवाजो क्यां मूकशे?"

सासूच्याच शब्दांत. तिला ते ठाऊक नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर फार हुशारीने दिलं होतं. माझ्या एका "घ्या"ने मी काय देऊन टाकलं होतं, ते माझ्या पायांखाली वाकून बसलं होतं.

मी पदराच्या टोकाने तोंड पुसलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते निघायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "भिंत बंद करता येणार नाही." ते म्हणाले, "मॅडम, रात्री-बेरात्री कोणीही आत येईल, लहान मुलं आहेत आमची." चूक काहीच नव्हती त्यांची. मी म्हटलं, "बरोबर आहे. मग तुम्ही दुसरीकडे बघा." "ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. आवाजात नाराजी होती.

म्हणजे यंदाही कौलं मलाच शाकारायची. वाळवीचं औषध आणायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा ती बस, पुन्हा हे गुडघे. जीव मेटाकुटीला आला नुसत्या विचाराने. किल्ली कमरेला खोचली. "दरवाजा आहे तिथेच राहील, रमीला," मी म्हटलं. ती "सारुं" म्हणाली आणि वेचत राहिली.

पाय भरून आले होते. केव्हा एकदा खाली सोडते असं झालं होतं. पण हिंचक्याखालची फुलं अजून तिची वेचून व्हायची होती.